झऱ्याचा पाठ

माझ्या विषयाचं नाव म्हणता म्हणता अर्धा तास संपतो. 'साहित्याचं रसग्रहण आणि सर्जनशील लेखन, सामाजिक व पर्यावरणीय जाणिवेसह.' हे बारसं कुणी केलं देव जाणे. ज्यानं केलं तो कधी वर्गावर उभा राहिला नसणार, एवढं मात्र नक्की. आमच्या अध्यापक विद्यालयात सगळे या विषयाला नुसतं 'जाणीव' म्हणतात. जिन्यात पोरी विचारतात, "मॅडम, आज जाणीव आहे का?" आणि मी गुडघ्यावर हात ठेवून वर चढत म्हणते, "आहे बाई, आहे. थोडी उरलीय."

मी शिक्षक घडवते. निदान पगारपत्रकावर तसं लिहितात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी शेजारच्या सरावशाळेत जाऊन खऱ्या मुलांवर पाठ घेतात आणि मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहिते. शेवटी एक मोठा पाठ असतो, त्याला मी आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, असे दोघं बसतो. त्यात पास झाली तर ती शिक्षिका, नापास झाली तर घरी.

आता रसग्रहणाच्या पाठाला कविता कुठली घ्यायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण ऑफिसातल्या नमुन्याच्या फायलीत एकाच कवितेचं टाचण आहे, झऱ्यावरच्या. मी इथे लागले त्याच्याही आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं. डोंगरातून झरा येतो, सगळ्यांना पाणी देतो, बदल्यात काही मागत नाही. संपली कविता. टाचणात प्रस्तावनेचे प्रश्न आहेत, मुलांची अपेक्षित उत्तरं आहेत, तक्ता कधी लावायचा तेही आहे. मग कोण कशाला दुसरी कविता शोधतंय? दरवर्षी सगळ्यांचा झराच. निळ्या कागदाचं पाणी, कापसाचा फेस आणि कडेला एक हरीण. त्या हरणाचे पाय कुणालाही नीट जमत नाहीत, म्हणून ते कायम गवतात उभं असतं. घरी गेलं की आमचे हे पेपरातून तोंड बाहेर काढून विचारतात, "काय, आज वाहिला का झरा?"

पण खरी गंमत पोरांची. सरावशाळेच्या तिसरीच्या वर्गावर तो झरा इतक्यांदा ओतून झालाय की पाठ पोरंच चालवतात. एकदा एक पोरगी मधेच गडबडली, घामाघूम झाली, तर पहिल्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "बाई, तक्ता. आता तक्ता लावायचा." ही आमची शिट्टी. तिचे पुढचे दोन दात पडलेले, 'श' म्हटलं की शिट्टी वाजते, म्हणून सगळा वर्ग तिला शिट्टीच म्हणतो आणि तीही ओ देते. कठीण शब्द विचारले की पोरांनी आधी डोकं खाजवायचं आणि मग सांगायचं, हेसुद्धा ठरलेलं. लगेच सांगितलं तर बाईंना वाईट वाटतं, असं एकानं मला समजावून सांगितलं होतं. आणि शेवटचा प्रश्न आला, "मग मुलांनो, झरा आपल्याला काय शिकवतो?" की सगळा वर्ग पाढे म्हणायच्या सुरात, "न मागता देत राहावं!"

आणि मी कागदावर लिहायची, 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' हे वाक्य माझा हात डोळे मिटून लिहितो.

अशात काकूची फेरपरीक्षा आली. काकू म्हणजे आमचीच विद्यार्थिनी. चाळिशीला टेकलेली, बाकी सगळ्या विशीतल्या, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिची काकू करून टाकली. माझ्याहून कितीतरी लहान, पण मीही काकूच म्हणायला लागले. कुठल्याशा शाळेत ती बरीच वर्षं हंगामी शिकवत होती आणि चांगली शिकवायची असं ऐकलंय. मग हुकूम निघाला, की प्रशिक्षण नसलेल्यांना काढा. आली बिचारी आमच्याकडे. मागच्या परीक्षेत झऱ्यानं तिला बुडवलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत पोरं उत्तरं द्यायला लागली, हिचा क्रम चुकला, हातातला खडू पडला, तो उचलायला वाकली ती उठलीच नाही म्हणा ना. नापास. फेरपरीक्षा एकदाच मिळते.

आदल्या दिवशी ती शिक्षकखोलीत आली. हातात तेच टाचण, नवीन अक्षरात.

"मॅडम, उद्या गेलं तर गेलंच सगळं," ती म्हणाली. "ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्यावरच आहे. शाळेनं सांगितलंय, सर्टिफिकेट आणा नाहीतर येऊ नका. मला दुसरं काही येतही नाही हो, शिकवण्याशिवाय."

"बसा आधी," मी म्हटलं. "हे बघा काकू, उद्या काहीही प्रयोग करू नका. झरा घ्या, तक्ता लावा, पोरांकडून तो उपदेश वदवून घ्या आणि बाहेर या. पोरांना सगळं येतं. तुम्ही नुसतं त्यांच्या मागून चालत राहा."

"मग त्यात मी काय शिकवलं?"

"काही नाही. पास व्हा. शिकवायला अख्खं आयुष्य पडलंय."

ती हसली नाही. टाचण छातीशी धरून गेली. माझा सल्ला अगदी शहाणा होता, आणि तो देताना मला माझाच कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला थर्मास. पाठ सुरू झाला की थर्मासच्या झाकणात चहा ओतायचा, दोन घोट घ्यायचे आणि डोळे मिटायचे. झोपेतही 'समाधानकारक' असं सुवाच्य लिहिणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. वाईट नव्हते हो. थकलेले होते, आणि थकलेल्या माणसाला दुसरा थकलेला लगेच ओळखू येतो.

सकाळपासून फेरपरीक्षेचे दोन पाठ झाले होते. दोन्ही झरेच. तिसरी काकू. पोरं पार कावून गेलेली, एक तर बाकावर गाल टेकून बसला होता. काकू आत आली, तक्ता मागच्या भिंतीतल्या खिडकीच्या चौकटीला अडकवला. अख्ख्या वर्गात तिथेच एक खिळा आहे, सगळे तक्ते तिथेच लागतात, त्यामुळे ती खिडकी कित्येक वर्षांत कुणी उघडलेली नाही. खिडकीचं दार घट्ट बंद आणि त्यावर झरा.

"मुलांनो," काकूनं टाचणाप्रमाणे सुरुवात केली, "सुट्टीत तुम्ही फिरायला कुठे कुठे—"

"झरा!" तो गाल टेकलेला ओरडला.

वर्ग फिदीफिदी हसला. टाचणाप्रमाणे आधी बाग यायला हवी होती, मग डोंगर, मग डोंगरात काय असतं, आणि मग कुठे झरा. काकूचा चेहरा पांढरा पडला. तिनं पुढचा प्रश्न धरला, "बरं, हा झरा आपल्याला—"

"न मागता देत राहावं!" अख्खा वर्ग एका सुरात. पाठ सुरू होऊन धड दोन मिनिटं झाली नव्हती आणि तो संपला होता.

परीक्षकांनी डोळे उघडले. मी माझे मिटले. गेली बाई, मला वाटलं, पुन्हा गेली. आता खडू पडणार. पण खडू पडला नाही, तिनं तो शांतपणे फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"ही कविता तुम्हाला येते?" तिनं विचारलं.

"हो ऽऽ!"

"सगळी?"

"बाई, पाठीमागूनपण येते," शिट्टी म्हणाली.

"मग मी काय शिकवू?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी उत्तर कुजबुजेन.

"खरा झरा कुणी बघितलाय?" काकूनं विचारलं.

शिट्टीनं हात वर केला आणि बोट दाखवलं. "तो काय, बाई. तिथे."

तक्त्यावर.

काकूनं त्या तक्त्याकडे बघितलं. मग ती चालत मागे आली, माझ्या बाकाजवळून गेली, आणि खिळ्यावरून तक्ता काढून माझ्या हातात दिला. कापसाचा फेस माझ्या साडीला चिकटला. तिनं खिडकीच्या कडीला हात घातला. कडी गंजलेली, हलेना. मी हळूच म्हटलं, "काकू, काय करताय?" तिनं ऐकलं नाही. फळ्याचं डस्टर आणलं आणि कडी ठोकायला लागली. ठक, ठक, ठक. खडूची धूळ उडाली, कडी सुटली आणि दार कण्हत उघडलं.

आणि वास आला. अगं बाई गं, काय तो वास! बंद खिडकीतून रोज थोडा थोडा यायचाच, पण हा पुरा लोंढा होता. शाळेच्या भिंतीला लागून नाला वाहतो. काळं पाणी, त्यात पिशव्या, बाटल्या, कुणाची तरी गादी. पलीकडच्या काठाला एक कुत्रं बसलं होतं, तेही पाण्याकडे पाठ करून.

"या सगळे," काकू म्हणाली. "रांगेत नको, या. बघा. मग जागेवर जाऊन लिहा. जे दिसतं ते, जे नाकाला येतं ते. सुंदर लिहू नका."

"बाई, उपदेश लिहायचा ना शेवटी?" एकीनं विचारलं.

"नाही."

पोरं खिडकीशी गर्दी करून परत गेली आणि लिहायला लागली. काकू फळ्याशी उभी राहिली, हाताची घडी घालून. वर्गात नुसता पेन्सिलींचा आवाज. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे झुकून कुजबुजले, "हे कुठल्या मुद्द्यात बसवायचं हो?" मी माझा निरीक्षणाचा कागद बघितला. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य. कागद कोरा होता.

मग तिनं वाचायला लावलं. खरं सांगायचं तर बहुतेकांनी 'झरा आपला मित्र आहे' असंच लिहिलं होतं. सवय कुठे जाते? त्या गाल टेकलेल्यानं लिहिलं होतं की एक चप्पल वाहत आली आणि गादीला अडकली, मग दुसरी आली पण ती दुसऱ्याच जोडीतली होती. पोरं हसली. मग शिट्टी उभी राहिली. वही नाकाशी धरून, शिट्ट्या वाजवत तिनं वाचलं:

"मला वाटायचं हा वास शाळेचाच आहे. सगळ्या शाळांना असा असतो. मावशीकडे गेले तेव्हा तिथली शाळा बघितली, तिला वास नव्हता. म्हणून मला वाटलं ती खरी शाळा नाही."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबलं. इतक्या वर्षांत मी त्या वर्गात बसून काय काय ऐकलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तिथल्या पोराचं स्वतःचं नव्हतं. काकूनं शाबास म्हटलं नाही की टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं, "अजून आहे?"

"नाही बाई, एवढंच. पेन्सिल मोडली."

आणि घंटा झाली.

परीक्षकांसाठी ऑफिसशेजारी एक छोटी खोली आहे. तिथे आम्ही दोघं बसलो. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि हताशपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा. हेतुकथन नाही, फळ्यावर एक अक्षर नाही, कवितेची ओळसुद्धा वाचली नाही. रसग्रहण केलं कशाचं? नाल्याचं?"

"हो," मी म्हटलं. "नाल्याचंच केलं. विषयाच्या नावात ती जाणीव लिहिलीय ना, ती आज पहिल्यांदा वर्गात आली. वासासकट."

"तुम्ही चिडू नका. मला नियम लावता येतात, नाला लावता येत नाही." त्यांनी थर्मास हलवून बघितला, रिकामा होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई गरजू दिसते. नापास करायला मलाही जिवावर येतं. असं करा, तुम्हाला तो पाठ तोंडपाठ आहेच. नेहमीचे प्रश्न, नेहमीची उत्तरं, टाका भरून. जणू तोच झाला. मी डोळे मिटून सही करतो. बाई पास, तुम्ही खूश आणि मी जेवायला मोकळा."

बघा, किती सोपं होतं. काकूची नोकरी वाचत होती, तिचं घर वाचत होतं आणि माझं काहीच जात नव्हतं. मी पेन घेतलं. हात आपोआप चालायला लागला. प्रस्तावना चांगली. तक्त्याचा वापर योग्य. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त... आणि तिथे घोडं अडलं. हे वाक्य मी आयुष्यभर खोटं लिहिलं, आणि ज्या दिवशी ते खरं होतं त्या दिवशी ते खोट्या पाठाखाली लिहायचं? नाही म्हणजे नाही. एवढीही लाज उरली नसेल तर घरी बसावं माणसानं. मी सगळं खोडलं, आणि जे झालं ते लिहिलं. तक्ता काढला, खिडकी उघडली, डस्टरनं कडी ठोकली, अमक्यानं हे वाचलं, तमकीनं ते. शेवटी भरभरून गुण दिले.

परीक्षकांनी वाचलं. "मग मला नापास लिहावं लागेल."

"लिहा. तुमचा अधिकार आहे." माझा आवाज चढला होता, चढू दे. "पण आपल्या दोघांचे गुण जुळले नाहीत तर नियमाप्रमाणे प्राचार्य पाठ पुन्हा ठेवतील. म्हणजे तुम्हाला परत यावं लागेल, त्याच वर्गात, त्याच खिडकीशेजारी. आणि काकूला मी सांगेन, हाच पाठ घ्या म्हणून."

नकळत त्यांचा हात रुमालाच्या खिशाकडे गेला. मग त्यांनी सुस्कारा सोडला, सही केली, गुणही माझ्या गुणांच्या आसपास नेऊन ठेवले. दाराशी थांबून म्हणाले, "ती खिडकी तेवढी लावून घ्या." आणि जाता जाता, "पोरगी बोलली मात्र खरं हं."

काकू बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मी नुसती मान हलवली. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले, गुडघे दुखत असताना. माझा जीव भांड्यात पडला होता. मला त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "वाहिला का झरा?" मी म्हटलं, "आज उलटा वाहिला."

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण काकूला फेरपरीक्षेत सगळ्यांहून जास्त गुण पडले होते. प्राचार्यांच्या नजरेत ते आलं. त्यांनी मला बोलावलं, अभिनंदन केलं आणि म्हणाले, "हा पाठ नमुन्याच्या फायलीत घाला. नवोपक्रम आहे." मला तर आनंदच झाला. ऑफिसात माझ्या निरीक्षणावरून टाचण टाइप झालं आणि तो जुना झरा फायलीतून निघाला. काकूलाही चांगलं फळ मिळालं. तिच्या जुन्या शाळेनं सर्टिफिकेट मिळेपर्यंतही वाट बघितली नव्हती, दुसरीच कुणी घेतली होती. पण सरावशाळेत तिसरीच्या बाई निवृत्त झाल्या आणि तिथे काकू लागली, कायम. म्हणजे शिट्टीचाच वर्ग तिच्याकडे आला. वाटलं, चला, एकदाचं काहीतरी सरळ झालं.

दुसऱ्या सत्रात नव्या तुकडीतल्या पोरींचे मोठे पाठ सुरू झाले. पहिली पोरगी आली, झऱ्याचा तक्ता खिडकीवर अडकवला. आणि दोन मिनिटांनी तोच तक्ता काढला. मी सावरून बसले. तिनं डस्टर घेतलं आणि कडी ठोकायला लागली. आता त्या कडीला शिपायानं तेल घातलेलं, बोटानं उघडते. पण टाचणात लिहिलंय ना, 'डस्टरने कडी ठोकावी'. ती ठोकत होती, ठक, ठक, ठक. खिडकी उघडली. मुलांनी नाकं धरली, सगळ्यांनी एकदम, उजव्या हातानं. बघून जागेवर गेली, लिहिलं. मग एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं हा वास शाळेचाच आहे."

"ए, ते माझं आहे!" शिट्टी ओरडली.

"तू काल तालमीत म्हणालीस. आज माझी पाळी."

मी टाचण उलटून बघितलं. 'अपेक्षित उत्तर' या मथळ्याखाली तिचं वाक्य छापलेलं होतं, मावशीच्या शाळेसकट. माझ्याच निरीक्षणातून उचललेलं, मी लिहून घेतलं होतं तसंच.

दुसरी पोरगी आली, तिसरी आली. ये रे माझ्या मागल्या. सगळ्यांनी आधी हरणासकट झरा रंगवायचा, तो लावायचा आणि मग काढायचा. एक विसरली तर मागून आवाज आला, "बाई, आधी तक्ता काढायचा, मग डस्टर." एकीनं खिडकी उघडायच्या आधी रुमालाला अत्तर लावून आणलं होतं. नव्या परीक्षक बाईंना पाठ फार आवडले, त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' आणि नाला होता तिथेच होता, तीच गादी, तेच कुत्रं. त्याच्याबद्दल कुणी कुणाला एक अर्जसुद्धा केला नव्हता. पाठात ते नव्हतं.

काल दुपारचा पाठ संपला तेव्हा मी आणि काकू मागच्या बाकावर बसलो होतो. वर्गाची बाई म्हणून तिला प्रत्येक पाठाला बसावं लागतं. आपलाच पाठ रोज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा. तिचा चेहरा असा उतरलाय की नापास झाली होती तेव्हाही इतका नव्हता. पाठ घेणारी पोरगी डस्टर जागेवर ठेवून आनंदात निघून गेली, बाकीची मुलं खेळायला पळाली. शिट्टी तेवढी मागे राहून दप्तर भरत होती. तिचे दात आलेत आता, शिट्टी वाजत नाही, पण नाव राहिलं.

"मॅडम," काकू म्हणाली, "माझा पाठ त्या फायलीतून काढा ना. पाया पडते तुमच्या."

"काढला तर दुसरा घालतील. फाईल रिकामी नाही ठेवत आपल्याकडे."

"म्हणजे मी परत काही नवीन केलं, तर तेही—"

"तेही टाइप होईल."

ही नोकरी मीच वाचवली होती तिची, आणि नोकरी म्हणजे हेच होतं. उघड्या खिडकीतून वास येत होता, आणि उठून ती लावायचंही दोघींच्या जिवावर आलं होतं.

उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून मी शिट्टीला हाक मारली. "काय गं, तुला अजून येतो का तो वास?"

तिनं दप्तराचं बक्कल लावता लावता मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग काकूकडे.

"खरं सांगू, की पाठातलं?"

काकूनं डोळे मिटले. "खरं सांग," मी म्हटलं.

"आता नाही येत," शिट्टी म्हणाली. "आधी यायचा. आता रोजच उघडतात ना खिडकी, म्हणून कळतच नाही."

काकू उठली, शिट्टीच्या बाकापाशी गेली आणि तिच्याशेजारी लहान मुलासारखी अंग चोरून बसली. दप्तराचं बक्कल तिनंच परत उघडलं आणि वही काढून शिट्टीच्या पुढे ठेवली.

"हे लिहून ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता सांगितलंस ना, तेच. आणि पाठाला कुणी विचारलं तर सांगायचं नाही."

"परीक्षकांनी विचारलं तरी?"

"तरी."

"आणि मॅडमनी विचारलं तर?"

काकूनं माझ्याकडे वळून बघितलं. "त्यांनाही नाही," ती म्हणाली.

शिट्टी लिहायला लागली. मी निरीक्षणाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, पेनाला टोपण लावलं, आणि वाचायचा मोह नको म्हणून फळ्याकडे तोंड करून बसले.